बिअरच्या जत्रेतला कोरडा माणूस

धम्मदीप गजभिये बिअर पीत नाही. वाइन नाही, व्हिस्की नाही, डिसेंबरात ऑफिसमध्ये फिरतो तो रम घातलेला केकसुद्धा तो हळूच शेजारच्याच्या प्लेटमध्ये सरकवतो. नागपुरात लहानपणी विहारात बसून जे पंचशील घेतलं, त्यातलं पाचवं, नशा न करण्याचं, त्याने गाड्यांचे ब्रेक डिझाइन करता करता मिशिगनच्या बर्फातही सांभाळलं. आणि हाच माणूस ट्रॉयच्या अलीकडच्या एका पार्कात दर सप्टेंबरला भरणाऱ्या बिअर फेस्टिवलचा मुख्य कार्यकर्ता आहे.

हे कसं झालं, हे त्याच्या आईला अजून कळलेलं नाही.

"जय भीम," फोनवर तिची सुरुवात नेहमी अशी शांत असते. "काऊन रे, तू दारूची जत्रा भरवून राहिला म्हणे?"

"आई, दारू नाही. बिअर. अन् मी एकटा थोडीच भरवतो? सगळे मिळून करतो आम्ही."

"सगळे मिळून करता, तं मग सगळ्याइचे फोन तुलेच काऊन येतात?"

धम्मदीपने घाईघाईने फोन ठेवला, कारण त्याच वेळी त्याच्या दुसऱ्या फोनवर तंबूवाल्याचा कॉल वाजत होता.

खरं तर ही जत्रा वॉल्टरची. वॉल्टर म्हणजे धम्मदीपचा शेजारी. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, उंच, लालबुंद, आणि आतल्या माणसाला चपला घालायलाही वेळ न देता बेल वाजवत राहणारा. त्याला आणि त्याच्या चार मित्रांना आपापल्या गॅरेजमध्ये बिअर बनवायचा नाद. कोणाची चांगली यावरून पाचही जणांचं भांडण इतकं विकोपाला गेलं, की शेवटी पंच म्हणून गल्लीतल्या लोकांना पार्कात बोलावलं गेलं. लोक आले, प्यायले, निकाल लागलाच नाही, म्हणून पुढच्या वर्षी परत जमले. झाला फेस्टिवल. दुसऱ्या वर्षी तंबू आला. पुढे एका वर्षी वादळात तोच तंबू उडून हायवेपलीकडच्या चर्चच्या आवारात जाऊन पडला, आणि तिथल्या लग्नाच्या वऱ्हाडाने त्याच्याखाली जेवून घेतलं. हळूहळू आसपासचे छोटे बिअरवाले आपापले केग, म्हणजे बिअरची पिंपं, घेऊन यायला लागले. पगारी माणूस मात्र कधीच एकही नव्हता. सगळे हौशी. आणि हौशी माणसांची एक जगन्मान्य खोड असते: सगळ्यांना नळावर उभं राहून बिअर ओतायची असते, आणि कचऱ्याच्या पिशव्या बदलायची वेळ आली की सगळ्यांची कंबर एकदम धरते.

धम्मदीप ट्रॉयला आला तेव्हा एकटा होता. बायकोचा, मैत्रीचा, व्हिसा अडकला होता. ऑफिस, वरणभात, झोप, असं सगळं चाललेलं. एका शनिवारी सकाळी वॉल्टरने बेल वाजवली.

"तुझी पाठ ठणठणीत आहे का?"

"आहे," धम्मदीप गोंधळून म्हणाला.

"मग चल. बर्फाच्या गोण्या उचलायच्यात. बिअर फेस्टिवल आहे."

"सॉरी, पण मी पीत नाही."

वॉल्टरचा चेहरा असा उजळला, जणू अलादीनचा दिवाच सापडला. "अजिबात नाही? संध्याकाळीसुद्धा नाही? म्हणजे तू सगळ्यांना घरी सोडू शकतोस!"

त्या दिवशी धम्मदीपने बर्फ उचलला, पाणी वाटलं, ग्लास धुतले आणि संध्याकाळी गाणी म्हणणाऱ्या पाच म्हाताऱ्यांना त्यांच्या त्यांच्या बायकांच्या ताब्यात दिलं. नळाला मात्र त्याने हात लावला नाही. स्वतः पीत नाही ते दुसऱ्याला ओतूनही द्यायचं नाही, हा नियम त्याने तिथल्या तिथे केला, वॉल्टरला सांगितला, आणि वॉल्टरने तो एखाद्या कायद्यासारखा मानला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला त्या पाच घरांमधून त्याला पाच आमंत्रणं आली. गावात त्याचं नाव माहीत असलेली पहिली माणसं तीच.

पुढे मैत्री आली. पंचशील तिचंही तेवढंच पक्कं आणि जीभ त्याहून पक्की. "एक समजव मला," ती म्हणाली, "दारूबंदीवर भाषण देणारा माणूस दारूच्या गुत्त्यावर उभा राहून देतो, ते ठीक. तू तर भाषणही देत नाहीस."

"मी पाणी देतो."

"वा! महान कार्य."

पण दुसऱ्या वर्षापासून तीही ग्लास धुवायच्या टबापाशी उभी राहायला लागली. कारण, तिच्याच शब्दांत, "तुम्ही लोकं साबण लावता की साबणाला ग्लास दाखवता?"

वर्षं गेली. वॉल्टरच्या टोळीतल्या कोणाचे गुडघे बदलले, कोणी फ्लोरिडाला गेलं. कामं एकेक करत घसरत धम्मदीपच्या अंगावर आली. मागच्या सप्टेंबरात तर कहरच झाला. एक गृहस्थ पार्कातल्या तळ्यात छातीभर पाण्यात उतरून बदकांना पोहायला शिकवायला लागला. त्याला बाहेर काढायला पोलीस आले. मग परवाना देणाऱ्या कचेरीत धम्मदीपला खुर्चीवर बसवून स्पष्ट सांगण्यात आलं: यंदा शेवटची संधी. आमची अधिकारी दुपारी कधीही येईल. मापापेक्षा जास्त ओतलेलं दिसलं, झिंगलेल्या माणसाला परत दिलेलं दिसलं, की फेस्टिवल कायमचा बंद. आणि जबाबदार माणूस म्हणून सही कोणाची? धम्मदीपची.

आता माणसं हवी होती. वॉल्टरची माणसं आता काठ्या टेकत येणार. म्हणून धम्मदीपने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर हाक दिली. गणपती नुकतेच झाले होते, सगळ्यांच्या अंगात कार्य संचारलेलं होतं. अर्ध्या तासात बारा जण तयार. पुढारी अर्थातच मीनाक्षीमावशी.

मीनाक्षीमावशी मूळच्या कोल्हापूरच्या. तीस वर्षं अमेरिकेत. मंडळाच्या प्रत्येक पंगतीत वाढायला त्याच. त्यांच्या हातून कोणी एका पोळीवर सुटल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी नुसतं "अगं बाई, एवढंच?" म्हटलं, की समोरचा माणूस आपोआप ताट पुढे करतो.

आठवडाभर आधी धम्मदीपच्या बेसमेंटमध्ये ट्रेनिंग झालं. राजारामकाकाही येऊन बसले होते. हे साताऱ्याहून मुलाकडे, ऋषीकडे, राहायला आलेले. त्यांना फेस्टिवलशी घेणंदेणं नव्हतं. मुलगा-सून ट्रेनिंगला आल्यावर घरी एकट्यासाठी एसी कशाला चालवायचा, म्हणून ते आले होते.

धम्मदीपने छोटा ग्लास वर धरला. "ही रेघ दिसते ना? इथपर्यंत ओतायचं. एका टोकनला एक ग्लास. रेघेच्या वर थेंब नाही. टोकन नाही तर बिअर नाही."

मीनाक्षीमावशींनी चष्मा वर केला. "अरे पण ही रेघ तळापासून बोटभरच आहे की. पाहुण्याला पाजायचंय की तीर्थ द्यायचंय?"

"मावशी, नुसतं चाखायला असतं ते. वीस प्रकारच्या बिअरी आहेत."

"म्हणूनच म्हणते! वीस पदार्थांचं ताट असलं म्हणून काय प्रत्येकाचं शीत-शीत वाढतं का कोणी?"

"मावशी, पदार्थ खाऊन कोणी तळ्यात उतरत नाही!"

"तू नको काळजी करूस रे," मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एवढी लग्नं वाढली मी. कळतं मला."

धम्मदीपला तिथेच कळायला हवं होतं. पण त्याच वेळी तंबूवाल्याचा पुन्हा फोन आला.

फेस्टिवलचा दिवस उजाडला तो नितळ. मेपलची झाडं नुकती लाल व्हायला लागलेली. धम्मदीप पहाटेपासून बर्फ, पाण्याचे पिंप आणि फिरती टॉयलेटं यांच्यामागे धावत होता. दुपारच्या सुमाराला त्याला जाणवलं, की यंदा गर्दीचा आवाज वेगळाच आहे. दरवर्षी लोक कुजबुजत, ग्लास उजेडात धरत, तोंड वाकडं करत बिअर चाखायचे. यंदा हसण्याचे स्फोट होत होते. एक पंचाहत्तरीची बाई कोणाच्या तरी कुत्र्याबरोबर नाचत होती.

तो नळाच्या रांगेकडे धावला. आणि जे दिसलं त्याने तो जागीच थिजला.

मीनाक्षीमावशींनी फेस्टिवलचा टी-शर्ट पंजाबी ड्रेसवर चढवून ओढणी कंबरेला खोचली होती. समोर एक काटकुळा तरुण उभा होता.

"नो थँक्स, आय ॲम गुड," तो म्हणाला.

"गुड काय गुड! लुक ॲट यू, सो थिन!" मावशींनी ग्लास त्याच्या हातातून घेतलासुद्धा. रेघ गेली, रेघेच्या वरचा भाग गेला, फेस काठावरून ओघळला. "टोकन राहू दे रे. यू जस्ट केम! वन मोअर, फॉर मी!"

आणि तो बिचारा लाजत, हसत प्यायला लागला.

धम्मदीपच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे शिष्टाचार. दुसरं नको म्हणजे पोटात अजून जागा आहे. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात आला, तरच ते खरं. इथली माणसं मात्र एकदाच नाही म्हणतात, आणि त्यावरही कोणी प्रेमाने पुढे केलं तर नाकारणं त्यांना असभ्य वाटतं. दोन सभ्यता समोरासमोर आल्या होत्या आणि मध्ये बिअर वाहत होती. मावशींचं बघून बाकीच्या अकरा जणांनाही चेव चढला होता. "अहो, ही घ्या, ही आमच्या नळाची!" "तिच्याकडची घेतली, माझ्याकडची नाही?" नळानळांमध्ये चढाओढ लागली होती.

"मावशी!" धम्मदीप ओरडला. "काय करून राहिले तुम्ही लोकं? रेघ! रेघ!"

"अरे, रेघेवर काय बोट ठेवून बसायचं का? रिकाम्या ग्लासाने परत जाताना बरं दिसतं का माणूस?"

झाडाखाली खुर्चीवर बसलेल्या वॉल्टरने हात हलवला. "दीप! इतकी वर्षं मी हा फेस्टिवल चालवला, इतके खूष लोक कधी पाहिले नाहीत!"

"तेच तर टेन्शन आहे, वॉल्टर!"

"एक्स्क्यूज मी," मागून आवाज आला. "इथे जबाबदार कोण आहे?"

आखूड पांढरे केस, काळा गॉगल, गळ्यात ओळखपत्र. परवाना कचेरीच्या मिसेस ब्रँट. आणि त्या क्षणी, अगदी त्याच क्षणी, मावशींनी चष्म्यावर फेस लागलेल्या एका आजोबांच्या हातात आणखी एक ग्लास दिला.

"मी," धम्मदीप म्हणाला.

"तुम्ही घेतली आहे?"

"मी पीत नाही, मॅडम. कधीच."

"छान. मग तुम्ही स्वतः उभे राहा ना नळावर."

"मी नळाला हात लावत नाही."

मिसेस ब्रँटनी गॉगल काढला. "तुम्ही बिअर फेस्टिवल चालवता."

"हो."

"आणि नळाला हात लावत नाही."

"नाही. माझ्या धम्माचा नियम आहे. मी तसं वचन घेतलंय."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यात राग नव्हता. दमलेल्या माणसाने दुसऱ्या दमलेल्या माणसाकडे बघावं तसं ते होतं. "हे बघा. मी पार्कला एक फेरी मारून येते. परत आल्यावर हेच दिसलं, तर नळ बंद, आणि पुढच्या वर्षी या मैदानावर बदकं सोडून कोणी नसेल."

त्या गेल्या. धम्मदीपच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला: होऊ दे बंद. सप्टेंबरचे शनिवार मोकळे. आईचे फोन शांत. पण झाडाखाली वॉल्टर त्या पाचांतल्या उरलेल्या दोघांना कोणाची बिअर सरस हे बोट नाचवून पटवत होता, आणि भांडणाचा निकाल अजूनही लागलेला नव्हता.

तो मैत्रीच्या टबापाशी गेला. तिला सगळं सांगितलं.

"सगळ्यांना दम दे," तो म्हणाला. "तुझं ऐकतील."

"मावशींना आग्रह करू नका सांगू? त्यापेक्षा नळाला सांगते, गळू नकोस." मैत्रीने ग्लास आपटला. "त्यांचा हात थांबायचा नाही, धम्मा. त्या हातात दुसरं काहीतरी दे."

"अन् नळावर कोण? नाही म्हणणारं माणूस आहे का आपल्या मंडळात एक तरी?"

दोघांची नजर एकदमच बाकड्याकडे गेली. तिथे राजारामकाका बसले होते. कार्यकर्त्यांना एकेक प्रेट्झेल, गाठ मारलेला खारा पाव, मिळालं होतं. काकांनी आपल्याचे चार तुकडे केले होते, एक खाल्ला होता आणि तीन रुमालात बांधत होते. गेल्या गुढीपाडव्याला याच काकांनी श्रीखंड वाढलं होतं आणि लोक वाटीत चमच्याने ते शोधत होते.

"काका," धम्मदीप त्यांच्यापुढे वाकला, "एक काम होतं."

"वर्गणी असेल तर ऋषीला विचार."

"वर्गणी नाही. बिअर वाढायची. पण रेघेच्या वर थेंब जाता कामा नये. आणि टोकनशिवाय कोणालाही द्यायची नाही. कोणालाही."

काकांचे डोळे प्रथमच चमकले. "उरली तर चालेल?"

"उरली तर फारच उत्तम, काका!"

"मग मघापासून ती बाई काय उधळतेय? माझा जीव वरखाली होतोय इथे बसून!" काका बाह्या सारत उठलेसुद्धा.

आता मावशी. धम्मदीपने खोल श्वास घेतला. "मावशी, तुम्ही इकडून निघा."

"का? माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. लोकं उपाशी आहेत, मावशी. नुसत्या पोटी पिऊन राहिले."

"उपाशी?" मावशींचा हात नळावरून असा सुटला, जणू चटका बसला. "आणि हे मला आत्ता सांगतोस?"

कार्यकर्त्यांसाठी त्यांनीच पहाटे उठून थालीपिठं भाजून आणली होती, दोन मोठे डबे आणि लोण्याची बरणी. ते सगळं, प्रेट्झेलची खोकी आणि पाण्याचे पिंप नळांच्या रांगेच्या अगदी तोंडाशी टेबलावर मांडलं. आता नळाकडे जाणारा प्रत्येक माणूस मीनाक्षीमावशींच्या समोरून जाणार होता.

आणि कोणी जाऊ शकेना. "नो, फर्स्ट ईट! अँड वॉटर! होल ग्लास!" चष्म्यावर फेस असलेले आजोबा पहिले सापडले. त्यांनी एक थालीपीठ खाल्लं, मावशींनी दुसरं वाढलं, तिसऱ्याला त्यांनी हात जोडले आणि मेपलखाली जाऊन आडवे झाले. कुत्र्याबरोबर नाचणारी बाई आता कुत्र्याला थालीपीठ भरवत होती. ज्यांना मावशींच्या तावडीतून सुटून नळापर्यंत पोचता येत होतं, ते राजारामकाकांच्या पुढ्यात पडत होते. बाकीचे नळ धम्मदीपने बंद करायला लावले होते, आणि काका एकेकाला स्वतःच ओतून देत होते.

"सर, हे रेघेच्या खाली आहे," एक तरुण म्हणाला. ऋषीने भाषांतर केलं.

"फेस आहे वर. तो धरून रेघ भरते."

"पण फेस बसला की अजून कमी होईल."

"मग बसायच्या आत पी म्हणावं."

"आणखी एक मिळेल?"

काकांनी तळहात पुढे केला. "टोकन."

"संपलं."

"मग बिअरही संपली." आणि केगवर त्यांनी असा हात ठेवला, की ती जणू त्यांची साताऱ्यातली तिजोरीच.

मिसेस ब्रँट परत आल्या. त्या बराच वेळ लांब उभ्या राहून बघत होत्या. मग रांगेकडे निघाल्या आणि अर्थातच मावशींनी अडवलं.

"नो, थँक यू. आय ॲम ऑन ड्यूटी."

"ड्यूटी मे बी. स्टमक इज ऑल्सो देअर."

"रिअली, नो."

"हाफ! ओन्ली हाफ!"

तिसऱ्यांदा बाईंनी हात आडवा धरला नाही. त्या लोणी लावलेलं थालीपीठ खात खात धम्मदीपजवळ आल्या. "मिस्टर गजभिये, तुमच्या नळावरचा तो माणूस मी आमच्या कचेरीत नोकरीला घेईन. तिथेही कोणाला काही मिळणार नाही." त्या पहिल्यांदाच हसल्या. "फेस्टिवल चालू ठेवा. पुढच्या वर्षीची परवानगीही देते. पण एका अटीवर. नळांच्या तोंडाशी हे टेबल असंच हवं, आणि त्यावर याच बाई. त्या येणार आहेत ना? मला होकार आत्ताच हवा, तरच मी तसं कळवीन."

धम्मदीप जवळजवळ उडी मारत टेबलापाशी गेला. पण मावशी डबा खडखडा आवाज करत आवरत होत्या. चेहरा फुगलेला. राजारामकाकांनी मधल्या वेळात त्यांना खरं काय ते सांगून टाकलं होतं: "तुमचा हात सैल, म्हणून मला बोलावलं."

"मावशी, परवानगी मिळाली! पुढच्या वर्षी तुम्ही याल ना?"

"नाही बाबा. मी नाही येणार. दुसरं कोणीतरी बघ."

धम्मदीपचे पाय दुखत होते, डोकं ठणकत होतं, पहाटेपासून पोटात काही नव्हतं. तो हताशपणे म्हणाला, "बरं, मावशी."

टबाकडून ओले हात झटकत मैत्री आली आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवलं, चांगलं दाबून. "बरं काय, बरं?" ती दातओठ खात पुटपुटली. "एकदा नाही म्हणाल्या की लगेच बरं? अमेरिकन झालास का?"

धम्मदीप भानावर आला. "मावशी, असं कसं? तुमच्याशिवाय आज बंद पडलं असतं सगळं."

"माझा हात सैल आहे म्हणतात ना."

"सैल हातच पाहिजे तिथे, मावशी. त्या टेबलावर आखडता हात काय कामाचा?"

मावशींनी डब्याचं झाकण लावायचं थांबवलं. पण मान हलवली. "नको रे. वय झालं आता."

गाडीचं दार उघडून मिसेस ब्रँट किल्ली वाजवत उभ्या होत्या. "मिस्टर गजभिये! हो की नाही?"

"दोन मिनिटं, मॅडम!" धम्मदीप तिकडे न बघताच ओरडला. "अजून दोनदाच नाही म्हणाल्यात!"